पुढे काय न्यायचे?

फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला मॅप आणि फिल्टर ही दोन फंक्शने फार लवकर आपलीशी वाटू लागतात. मॅप यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच क्रिया करते आणि तेवढ्याच लांबीची नवी यादी हाती देते. फिल्टर अटीत न बसणारे घटक गाळून उरलेले ठेवते. आणि दोन्हींत एका घटकाला शेजारच्या घटकाची काही खबर असावी लागत नाही. यादीतले घटक एकेक करून एका किमतीत गोळा करणाऱ्या फोल्डपाशी आल्यावर मात्र चांगली चांगली मुले थांबतात. सोलापुरात पदविकेच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी संध्याकाळच्या वर्गात हास्केल ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते, आणि हे थांबणे पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की अडचण फोल्डच्या लिखाणात नसते. ती एका प्रश्नात असते. लूप लिहिताना तो प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून तो इथे पहिल्यांदाच समोर उभा राहतो: यादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना आपण बरोबर काय न्यायचे?

माझ्या वर्गातली बरीच मुले शहराच्या पूर्व भागातली आहेत. घरी तेलुगू किंवा कन्नड, बाहेर मराठी, आणि घरातले कोणी ना कोणी यंत्रमागावर काम करणारे, असे त्यांचे जग असते, त्यामुळे फळ्यावर मी चादरींचेच आकडे लिहिते. समजा एका कारखान्यात चार माग आहेत आणि आज त्यांच्यावर अनुक्रमे ९, ७, ११ आणि ८ चादरी निघाल्या. एकूण किती, हे फोल्डला विचारायचे तर त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात: पायरीचे फंक्शन, आरंभीची किंमत आणि यादी. इथे पायरी म्हणजे बेरीज, आरंभ म्हणजे ०, आणि यादी वर दिलेली. फोल्ड ० घेऊन निघतो, पहिल्या मागापाशी ९ होतात, दुसऱ्यापाशी १६, तिसऱ्यापाशी २७, चौथ्यापाशी ३५, आणि यादी संपली की हातात असलेले ३५ तो परत देतो. वाटेतले सगळे आकडे हवे असतील तर त्यासाठी स्कॅन नावाचे जवळचे भावंड आहे. ते ०, ९, १६, २७, ३५ अशी पूर्ण यादी देते. विद्यार्थ्याने फोल्ड वापरण्याआधी थोडा वेळ स्कॅन वापरून पाहावा, कारण त्यात पायऱ्या डोळ्यांना दिसतात.

हाताने लिहिलेली खतावणी ज्याने पाहिली आहे त्याला हे चालणे परके वाटणार नाही. पान संपले की दिवाणजी तळाशी बेरीज करून ‘पुढील पानावर नेली’ असे लिहितात आणि नव्या पानाची पहिली ओळ ‘मागील पानावरून आणली’ अशी सुरू होते. त्यानंतर जुने पान उलटून पाहण्याची गरज उरत नाही, कारण त्या पानातले जे काही पुढच्या हिशेबाला लागणार आहे ते त्या एका रकमेत आलेले असते. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: जे त्या रकमेत आले नाही ते नव्या पानावर कुठेही मिळणार नाही. फोल्डच्या पायरीला फक्त दोनच गोष्टी दिसतात, आजवरची नेलेली किंमत आणि समोरचा एक घटक. मागचे घटक तिला दिसत नाहीत आणि पुढचेही दिसत नाहीत. ही नेलेली किंमत, जिला प्रोग्रॅमर अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात, ती कशी असावी हे ठरवणे हेच फोल्ड लिहिण्यातले खरे काम आहे. बाकीचे काम त्यातून आपोआप निघते.

आरंभीच्या किमतीबद्दल आधी थोडे सांगते, कारण ती विद्यार्थ्यांना क्षुल्लक वाटते आणि ती तशी नाही. कारखाना बंद असेल त्या दिवशी यादी रिकामी असते आणि फोल्ड पायरीचे फंक्शन एकदाही न वापरता आरंभीची किंमत जशीच्या तशी परत देतो. म्हणजे रिकाम्या यादीचे उत्तर काय असावे, हे आपण आरंभ निवडतानाच सांगून टाकलेले असते. बेरजेसाठी ०, गुणाकारासाठी १, ‘सगळ्या अटी पूर्ण झाल्या का’ यासाठी होय, ‘एखादी तरी अट पूर्ण झाली का’ यासाठी नाही. सर्वांत मोठ्या संख्येसाठी मात्र असा नैसर्गिक आरंभ नाही. चादरी उणे असू शकत नाहीत म्हणून तिथे ० चालून जाईल, पण तापमानांच्या यादीत तो चुकीचे उत्तर देईल. जावास्क्रिप्ट आणि पायथॉन या भाषांत फोल्डला रिड्यूस म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये २००९ च्या ईएस-५ या मानकापासून असलेले रिड्यूस आरंभाशिवायही चालते, पायथॉनचेही चालते. तेव्हा पहिला घटकच आरंभ धरला जातो, आणि यादी रिकामी निघाली तर प्रोग्रॅम त्रुटी देऊन थांबतो. नवशिक्याने ही सवलत सुरुवातीला अजिबात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आरंभ लिहायला लागला की ‘काहीच नसेल तर काय’ हा विचार आपोआप होतो, आणि सर्वांत मोठ्या संख्येच्या बाबतीत ‘उत्तर नसूही शकते’ हेच उत्तर प्रामाणिक ठरते. हास्केलमध्ये त्यासाठी मेबी हा प्रकार (टाइप) आहे.

आता सरासरीकडे येऊ. वर्गात हा प्रश्न दिला की कोणीतरी हमखास म्हणते, “मॅडम, सरासरी फोल्डने निघतच नाही.” त्या निरीक्षणात तथ्य आहे. तीन मागांची सरासरी ९ आहे आणि चौथ्या मागावर ८ चादरी निघाल्या, एवढे कळल्यावर नवी सरासरी काढायची तर आधीची ९ ही किती मागांची होती हे माहीत असावे लागते, आणि ते त्या ९ मध्ये कुठेच नाही. म्हणजे सरासरी हे उत्तर असले तरी बरोबर नेण्याची किंमत ती नव्हे. बरोबर न्यायची ती जोडी: एकूण चादरी आणि एकूण माग. आरंभ (०, ०), पुढे (९, १), (१६, २), (२७, ३), (३५, ४), आणि यादी संपल्यावर शेवटी एकदाच भागाकार, म्हणजे ८.७५. इथे विद्यार्थ्याच्या लक्षात पहिल्यांदा येते की फोल्ड जे परत देतो आणि आपल्याला जे हवे असते ते एकच असायला हवे असे नाही. फोल्डनंतर एक छोटी पायरी उरू शकते, तशी ती उरली म्हणून काही बिघडत नाही, आणि सरासरीच्या उदाहरणात तर ती जोडी सापडण्यासाठी हीच मोकळीक घ्यावी लागते.

या जोडीचा फायदा एका कारखान्यापुरता राहत नाही. समजा एका शेडमध्ये २ माग आहेत आणि त्यांची सरासरी १० आहे, दुसऱ्या शेडमध्ये ८ माग आहेत आणि त्यांची सरासरी ५ आहे. दोन सरासऱ्यांची सरासरी घेतली तर ७.५ येते आणि ती चूक आहे, कारण एकूण ६० चादरी १० मागांवर निघाल्या, म्हणजे खरी सरासरी ६. शेडने सरासरीऐवजी (२०, २) आणि (४०, ८) अशा जोड्या पाठवल्या तर त्या सरळ मिळवता येतात, आणि शेड दोन असोत वा दोनशे, मिळवणी कोणत्याही क्रमाने गट पाडून केली तरी उत्तर तेच येते. गूगलच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये मॅपरिड्यूस ही पद्धत मांडली तेव्हा प्रचंड माहिती हजारो यंत्रांवर वाटून देण्यामागे याच गुणाचा मोठा आधार होता: अंशतः काढलेली उत्तरे नंतर जोडता आली पाहिजेत. गणितात अशा रचनेला मोनॉइड म्हणतात, म्हणजे गट कसेही पाडले तरी फरक न पडणारी क्रिया आणि तिचा एक तटस्थ आरंभ. हा शब्द वर्गात उशिरा आणला तरी चालतो, पण ती कल्पना सरासरीच्या उदाहरणातच मुलांच्या हाती लागलेली असते.

याहून मला प्रिय असलेले उदाहरण सलग दिवसांचे आहे. एका मागाची रोजची नोंद फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशी आहे. बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, बदलायची असेल, वीज गेली असेल, तर बंद. प्रश्न असा: सलग जास्तीत जास्त किती दिवस माग चालू होता? नोंदी अशा घ्या: चालू, चालू, बंद, चालू, चालू, चालू, बंद, चालू. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण एकच संख्या बरोबर नेतात आणि ‘बंद’ आला की तिचे काय करावे या कोड्यात सापडतात. तिला ० केले तर आधीचा विक्रम पुसला जातो, तशीच ठेवली तर नवी साखळी मोजता येत नाही. दोन वेगळ्या गोष्टींना एका जागेत राहायला लावले की हे होणारच. जागा दोन केल्या, एक आत्ता चालू असलेल्या साखळीची आणि दुसरी आजवरच्या सर्वांत लांब साखळीची, की पायरीचे फंक्शन सरळ होते. (०, ०) पासून निघून (१, १), (२, २), (०, २), (१, २), (२, २), (३, ३), (०, ३) आणि शेवटी (१, ३). जोडीतली दुसरी संख्या उत्तर, म्हणजे ३. एका विद्यार्थिनीने आजवरच्या सगळ्या साखळ्यांच्या लांबीची यादीच बरोबर नेली होती. तिचे उत्तर अचूक होते, आणि मी तिला एवढेच विचारले की या यादीतले शेवटी नेमके काय वापरले जाते. त्यावरून तिने ती जोडी स्वतःच शोधली.

हेच काम दोघांनी वाटून घेतले तर काय होईल, हा पुढचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नोंदींची यादी मध्येच तोडली आणि दोन्ही भागांच्या जोड्या वेगवेगळ्या काढल्या तर त्या जोडता येत नाहीत, कारण सर्वांत लांब साखळी नेमकी तोडलेल्या जागेवरून गेलेली असू शकते. सरासरीची जोडी जोडता येते आणि ही येत नाही, हे कळल्यावर वर्ग थोडा वेळ शांत होतो. मग मुले एकेक गोष्ट वाढवतात: भागाच्या सुरुवातीला सलग किती दिवस चालू होते, शेवटी सलग किती होते, आतली सर्वांत लांब साखळी किती, आणि भाग एकूण किती दिवसांचा. या चार गोष्टी असल्या की डाव्या भागाचा शेवट आणि उजव्या भागाची सुरुवात मिळवून तोडलेल्या जागेवरची साखळी मिळते, तिची दोन्ही भागांच्या विक्रमांशी तुलना करता येते, आणि एखादा भाग पूर्णच चालू असेल तर एकूण दिवसांवरून तेही ओळखता येते. क्रमाने चालताना दोन गोष्टी पुरतात, वाटून करताना चार लागतात. अ‍ॅक्युम्युलेटरची निवड प्रश्नावर जशी अवलंबून असते तशी काम कसे होणार आहे यावरही असते, हे एवढ्या छोट्या उदाहरणातून इतके स्वच्छ दिसते की मी ते कधीच गाळत नाही.

फोल्डविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो घेणारा माणूस साधा नाही. पायथॉनचे निर्माते गिडो व्हान रॉसम यांनी २००५ मध्ये असे मत मांडले की बेरीज, गुणाकार यांसारख्या क्रिया सोडल्या तर रिड्यूस वाचून त्याचा अर्थ पटकन लागत नाही, आणि तशा ठिकाणी सरळ लूप लिहिलेले बरे. पुढे २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये रिड्यूस मुख्य फंक्शनांतून काढून फंकटूल्स या मॉड्यूलमध्ये ठेवले गेले. त्यांचे निरीक्षण मला मान्य आहे. पायरीचे फंक्शन लांबलचक, निनावी आणि एका ओळीत कोंबलेले असेल तर ते कोणालाच वाचता येत नाही. पण यावरचा उपाय लूपच आहे असे मला वाटत नाही. लूपमध्ये चार व्हेरिएबल बदलत असतात आणि त्यांतली कोणती पुढच्या फेरीला लागणार आहेत हे वाचणाऱ्याला शोधावे लागते. फोल्डमध्ये ती एका जागी, त्यांच्या प्रकारासह, लिहिलेली असतात. म्हणून माझ्या वर्गात नियम असा आहे की पायरीला नाव द्यायचे आणि तिच्या वर अ‍ॅक्युम्युलेटरचा प्रकार आधी लिहायचा, कोड नंतर.

आता दिशेचा प्रश्न. फोल्ड दोन आहेत, डावा आणि उजवा, आणि बेरजेत दोघांचे उत्तर एकच येत असल्यामुळे दोन कशाला, असे वाटत राहते. वजाबाकी घेतली की फरक लगेच उघडा पडतो. आरंभ १० आणि यादी ४, ३ अशी घेतली तर डावा फोल्ड (१० − ४) − ३ असा हिशेब करतो आणि ३ देतो. उजवा फोल्ड ४ − (३ − १०) असा करतो आणि ११ देतो. इतकेच काय, दशांश अपूर्णांक संगणकात साठवताना होणाऱ्या सूक्ष्म कमीजास्तीमुळे बेरीजही दिशेला पूर्ण उदासीन नसते: ०.१, ०.२, ०.३ यांची बेरीज डावीकडून ०.६००००००००००००००१ अशी येते आणि उजवीकडून ०.६. 

डाव्या फोल्डचे मला सर्वांत नेटके वाटणारे उदाहरण आपल्या पिनकोडचे आहे. ४, १, ३, ०, ०, १ हे सहा अंक यादीत सुटे दिले आहेत आणि त्यांची एक संख्या करायची आहे. पायरी अशी: नेलेल्या संख्येला १० ने गुणायचे आणि समोरचा अंक मिळवायचा. ० पासून निघून ४, ४१, ४१३, ४१३०, ४१३००, ४१३००१. कोणता अंक कितव्या स्थानावर आहे हे कुठेही मोजावे लागत नाही, कारण प्रत्येक अंक पुढच्या गुणाकारांनी आपोआप आपल्या स्थानावर ढकलला जातो. हाच हिशेब सोलापूरच्या दूरध्वनी संकेतांकावर, म्हणजे ०, २, १, ७ वर, चालवला तर २१७ मिळतात आणि पहिले शून्य हरवते. तो संकेतांक ही संख्याच नव्हे, ती अंकांची ओळ आहे, आणि त्यासाठी बरोबर न्यायची किंमत संख्या नसून अक्षरमाला (स्ट्रिंग) असायला हवी.

उजवा फोल्ड समजायला मात्र यादी कशाची बनलेली असते इथपर्यंत मागे जावे लागते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून घडवलेल्या आणि १९६० मध्ये लेखातून मांडलेल्या लिस्प या भाषेपासून यादीची ही रचना चालत आली आहे: यादी एकतर रिकामी असते, नाहीतर एक पहिला घटक आणि उरलेली यादी यांची जोडणी असते. जोडणीच्या या क्रियेला लिस्पमध्ये कॉन्स म्हणतात. म्हणजे ९, ७, ११ ही यादी खरे तर ९ जोड (७ जोड (११ जोड रिकामी)) अशी असते. उजवा फोल्ड या रचनेला हात लावत नाही. तो प्रत्येक ‘जोड’च्या जागी आपले फंक्शन ठेवतो आणि ‘रिकामी’च्या जागी आपला आरंभ ठेवतो. ‘जोड’च्या जागी अधिक आणि ‘रिकामी’च्या जागी ० ठेवले की बेरीज होते. ‘जोड’च्या जागी ‘जोड’च आणि ‘रिकामी’च्या जागी ‘रिकामी’च ठेवली तर मूळ यादी परत मिळते. जोडण्याआधी प्रत्येक घटकावर काही क्रिया केली तर तोच मॅप, आणि जोडायचे की नाही हे अटीवर सोपवले तर तोच फिल्टर. ज्या दोन फंक्शनांनी विद्यार्थ्याने सुरुवात केली होती ती दोन्ही उजव्या फोल्डच्या पोटात होती, हे तो स्वतः लिहून पाहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठी मी हा विषय पुन्हा पुन्हा शिकवायला तयार आहे. डाव्या फोल्डने तसेच एकेक घटक पुढे जोडत गेले तर यादी उलटी होऊन येते. तेही एकदा करून पाहावे.

कोणता फोल्ड केव्हा वापरायचा, हे विद्यार्थी शेवटी विचारतातच, आणि हास्केलपुरते याचे उत्तर सरळ देता येते. नवी यादी घडवायची असेल, किंवा उत्तर मध्येच सापडून थांबण्याची शक्यता असेल, तर उजवा. हास्केल गरज पडेपर्यंत हिशेब करत नाही, त्यामुळे ‘एखाद्या मागावर १० पेक्षा जास्त चादरी निघाल्या का’ हा प्रश्न उजव्या फोल्डने लिहिला तर ११ सापडताच उरलेल्या यादीकडे पाहिलेही जात नाही, आणि असा घटक पुढे कुठे येणार असेल तर यादी अनंत असली तरी उत्तर मिळते. डाव्या फोल्डला ते जमत नाही. त्याला यादीचे टोक गाठावेच लागते. उलट बेरीज, मोजणी, सरासरीची जोडी अशी एक ठोस किंमत काढायची असेल तर डावा, पण त्याची काटेकोर आवृत्ती, जी प्रत्येक पायरीला हिशेब तिथल्या तिथे पुरा करते. साधा डावा फोल्ड न केलेल्या बेरजांची लांब साखळी स्मृतीत साठवत जाऊ शकतो आणि दहा लाख घटकांच्या यादीवर ते महागात पडते. जोडी नेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण काटेकोर फोल्ड जोडी तयार झाली आहे एवढेच पाहतो, तिच्या आतल्या दोन्ही संख्यांचा हिशेब उरलेला असू शकतो. म्हणून त्या संख्याही काटेकोर कराव्या लागतात. ही आवृत्ती पूर्वी डेटा-लिस्ट या मॉड्यूलमधून आणावी लागत असे. २०२४ मध्ये आलेल्या जीएचसी ९.१० या हास्केलच्या कंपायलरपासून ती थेट प्रिल्यूडमध्ये, म्हणजे न मागता हाती येणाऱ्या मूळ मॉड्यूलमध्ये, मिळते, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याने बेरजेचा पहिला फोल्ड लिहितानाच ती वापरायला हरकत नाही.